कापलेल्या चाऱ्यातली साखर वाचवा

विळा लागला की गवत मेले, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कापलेले गवत ओले असेपर्यंत श्वसन करतच राहते. साठवलेली साखर जळते आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर पडते. हिरव्या चाऱ्याचा ढीग आतून गरम लागतो, त्यामागे हे श्वसनही असते. जनावराच्या पोटात जायची ऊर्जा अशी गोठ्याबाहेरच संपते, आणि चाऱ्याचा भाव मात्र वजनावरच ठरतो.

श्वसनाचा वेग मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: तापमान आणि चाऱ्यातला ओलावा. नेहमीच्या तापमानात पारा 10 अंशांनी चढला, तर हा वेग साधारण दुप्पट होतो. चाऱ्यात मुळात साखर किती, हे मात्र कापणीच्या वेळेवर ठरते. साखर दिवसभर उन्हात साठते, रात्री खर्च होते. म्हणून ती दुपारनंतर सर्वाधिक आणि पहाटे सर्वांत कमी असते.

जनावरांनाही हा फरक कळतो. अमेरिकेत फिशर, मेलँड आणि बर्न्स यांनी टॉल फेस्क्यू गवत काही वेळा सूर्यास्ताला, तर काही वेळा सूर्योदयाला कापून वाळवले. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गाई, मेंढ्या आणि शेळ्या, तिघींनीही संध्याकाळी कापलेला चारा अधिक पसंत केला. वेल्समधील ॲबरिस्टविथच्या गवत पैदास केंद्राने पुढे जाऊन रायग्रासच्या जास्त साखरेच्या जातीच विकसित केल्या.

संध्याकाळी कापण्याची ही पद्धत जशीच्या तशी इथे उचलून चालणार नाही. आपल्या रात्री उबदार असतात आणि पावसाळ्यात हवा दमट असते. संध्याकाळी कापून रात्रभर ढिगात ठेवलेला चारा मिळवलेली साखर गमावून बसेल.

मुरघासाला तर या साखरेची दुहेरी गरज आहे. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू तिच्यावरच जगतात. नेपिअरसारख्या गवतात ती कमी पडते, म्हणून शेतकरी गूळ किंवा मळी मिसळतात. खड्ड्यात हवा राहिली, तर श्वसन चालूच राहते आणि हा खर्चही जळून जातो. त्यामुळे दुपारी कापणी, लगेच कुट्टी आणि त्याच संध्याकाळी दाबून हवाबंद करणे, हा क्रम पाळायला हवा.

कृषी विद्यापीठांनी कापणीच्या वेळांच्या चाचण्या जिल्ह्याजिल्ह्यांत, शेतकऱ्यांच्या शेतावर घ्याव्यात. दूध संघांनी मुरघासाच्या प्रशिक्षणात घड्याळालाही जागा द्यावी. कापणीची वेळ बदलायला नवे यंत्र लागत नाही, फक्त मजुरांच्या कामाचे तास नव्याने ठरवावे लागतात.