ओएलईडी पडदा : हौस आणि हिशेब

कॉम्प्युटरवरील खेळांसाठी ओएलईडी पडदा आणा, असा हट्ट हल्ली अनेक घरांतील मुले धरतात. मागणी गैर नाही. या पडद्यातील प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो. काळा रंग हवा तेथे तो विझतो, म्हणून काळा खराच काळा दिसतो. वेगवान खेळात चित्र फरफटत नाही. एलसीडीत मागून दिवा जळत असल्याने काळा रंग तितका साधत नाही.

परंतु प्रकाश देणारे हे द्रव्य वापराने झिजते. एकच चित्र तासन्‌तास जागचे हलले नाही, तर तेथे कायमचा डाग उमटू शकतो. यालाच बर्न-इन म्हणतात. २०२२ साली डेलने ३४ इंची एलियनवेअर ओएलईडी मॉनिटर आणला, तेव्हा बर्न-इनसाठी ३ वर्षांची हमी दिली. म्हणजे धोका कंपन्याही जाणतात.

आपल्या पुष्कळ बांधवांकडे कॉम्प्युटर एकच. दिवसा त्यावर बिले, स्टॉक, नक्षीकामाची डिझाइने. रात्री मुलांचे खेळ. बिलाच्या चौकटी दिवसभर हलत नाहीत. शिवाय काही ओएलईडी पडद्यांवर बारीक अक्षरांच्या कडा रंगीत दिसतात. अशा ठिकाणी चांगला एलसीडीच घ्यावा.

पडदा केवळ खेळ व चित्रपटांसाठी असेल, तर ओएलईडी खुशाल घ्या. मात्र बर्न-इनची हमी लेखी आहे ना, हे आधी पाहा. आणि हौसेसाठी दुकानाच्या भांडवलाला हात लावू नका.