कूळ एक, गुण भिन्न

पिंपळे गुरवमधील एका औषधनिर्मात्या वैद्यमित्रांनी परवा ग्लिसरीनच्या पिंपासोबत आलेले तपासणीपत्र माझ्यापुढे ठेवले. ‘डायएथिलीन ग्लायकॉल : ०.१ टक्क्याहून कमी’ या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, ‘‘ग्लिसरीन म्हणजे ग्लिसरॉल. तेही अल्कोहोल कुळातले, हेही त्याच कुळातले. मग या ओळीचे एवढे स्तोम कशाला?’’

या गैरसमजाचे मूळ आपल्या संस्कारांत आहे. चरकाचार्यांनी ५० महाकषाय कर्मानुसार लावले. दीपनीय म्हटले की गुण कळला. सेंद्रिय रसायनशास्त्रातील कुळे मात्र रेणूच्या रचनेवरून ठरतात. कार्बनला हायड्रॉक्सिल गट जोडलेला असला की कूळ अल्कोहोल आणि नावाच्या शेवटी बहुधा ‘ऑल’. ग्लिसरॉलमध्ये असे तीन गट. डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये दोन, शिवाय मध्ये ईथरचा एक ऑक्सिजन. दोन्ही द्रव रंगहीन, दाट, गोडसर. पण एक औषधी मात्रेत निरुपद्रवी, दुसरा मूत्रपिंडे निकामी करणारा. आपल्या आसवारिष्टांतील इथेनॉल आणि अंधत्व आणणारे मिथेनॉल यांचेही तेच.

१९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील ग्लिसरीनमध्ये हेच ग्लायकॉल निघाले. १४ रुग्ण दगावले, लेंटिन आयोग बसला. २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपने बालके गेली, तीही याच द्रव्यामुळे.

पुरवठादाराचे पत्र फाइलला लावून आपले कर्तव्य संपत नाही. प्रत्येक पिंपाचा नमुना आपण स्वतः प्रयोगशाळेत पाठवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खर्च जड वाटल्यास दोघातिघा निर्मात्यांनी एकत्र खरेदी करून तो वाटून घ्यावा. मित्रांनी ते पिंप अद्याप उघडलेले नाही.