संदेष्ट्याची पारख करणे म्हणजे अश्रद्धा नव्हे

#धागा

१/ वाचकहो, "देवाने मला तुझ्यासाठी संदेश दिला आहे," असे एखाद्या ख्रिस्ती मंडळीत कोणी कोणाला सांगितले, तर त्या शब्दाचे मोल काय? लग्न कोणाशी करावे, नोकरी सोडावी का, औषध थांबवावे का, असे निर्णय आजही अशा शब्दांवर घेतले जातात. एक पक्ष म्हणतो, शंका घेणे ही अश्रद्धा. दुसरा म्हणतो, हे सारे थोतांड. आरंभीच्या चर्चनेही ते सत्तेपोटी दडपलेच. दोन्ही पक्ष इतिहासाचा हवाला देतात, आणि इतिहास दोघांच्याही विरुद्ध साक्ष देतो.

२/ आरंभ पौलाच्या पत्रांपासून करू. इ.स. ५० च्या सुमारास थेस्सलनीकाकरांस लिहिताना तो संदेशांचा धिक्कार करू नका असे बजावतो आणि त्याला जोडूनच सर्व गोष्टी पारखण्यास सांगतो. करिंथच्या मंडळीसाठी त्याचा नियम असा : संदेष्ट्यांपैकी दोघा-तिघांनी बोलावे, इतरांनी त्याचा निर्णय करावा. आदर आणि पारख या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केलेल्या नाहीत.

३/ आता ‘प्रेषितांची कृत्ये’ पाहा. अगब नावाचा संदेष्टा अंत्युखियात मोठ्या दुष्काळाची सूचना देतो. मंडळी काय करते? प्रत्येक जण ऐपतीप्रमाणे यहूदियातील बांधवांसाठी मदत पाठवतो. संदेशातून भय उपजले नाही, वर्गणी उभी राहिली. संदेशाचे खरे मोल ते हेच.

४/ हाच अगब पुढे कैसरियात पौलाच्या कमरबंदाने स्वतःचे हातपाय बांधतो : यरुशलेमेत तुझी हीच गत होईल. व्यक्तीला उद्देशून दिलेल्या संदेशाचे याहून ठळक उदाहरण नाही. सोबती रडून विनवतात, जाऊ नकोस. पौल ऐकतो, आणि तरीही जातो. संदेशाने त्याला सावध केले. निर्णय मात्र त्याचाच राहिला. त्याला कोणी अश्रद्ध म्हटले नाही.

५/ पुढचे साधन ‘डिडाखे’. पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची ही पुस्तिका फिलोथिओस ब्रिएनिओस यांना १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली. १८८३ मध्ये ती छापली गेली. तीत गावोगाव फिरणाऱ्या संदेष्ट्यांसाठी नियम आहेत. आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचे ऐकू नये. गरजूंसाठी मागितले तर दोष देऊ नये. आत्म्याच्या प्रेरणेने भोजन मांडायला सांगून जो स्वतःच जेवायला बसतो, तो खोटा.

६/ येथे पहिला पक्ष म्हणेल : आत्म्याने बोलणाऱ्याची परीक्षा करू नका, असेही डिडाखे सांगते. खरे आहे. पण लागलीच ती म्हणते, आत्म्याने बोलणारा प्रत्येक जण संदेष्टा नसतो. त्याचे आचरण प्रभूसारखे हवे. म्हणजे परीक्षा टळली नाही, बोलण्यावरून वागण्याकडे वळली. आणि खऱ्या संदेष्ट्याला पिकाचे प्रथमफळ द्यावे, असेही हीच पुस्तिका सांगते. हे दडपणे कसे?

७/ दुसऱ्या पक्षाचे लाडके उदाहरण म्हणजे दुसऱ्या शतकातील फ्रिजियाची चळवळ : मोंटॅनस, प्रिस्किला, मॅक्सिमिला. यांच्याविषयी आपल्याला बहुतांशी विरोधकांकडून, मुख्यतः युसेबियसने जपलेल्या उताऱ्यांतून कळते, हे मान्य. मॅक्सिमिलेसारख्या स्त्रीचा अधिकार काहींना सलला असेल, हेही संभवते. पण टर्टुलियनसारखा बुद्धिमान लेखक या चळवळीकडे वळला, हेही विसरू नये. साऱ्यांनाच मूर्ख वा भोंदू ठरवणे हा इतिहास नव्हे.

८/ तरीही त्या उताऱ्यांतील एक आक्षेप नजरेआड करता येत नाही. मॅक्सिमिलेने युद्धे व उलथापालथ भाकीत केली होती. निनावी लेखक नोंदवतो, तिच्या मृत्यूला तेरा वर्षे उलटून गेली, युद्ध कुठे आहे? शब्द काळाशी ताडून पाहणे हे तर आपल्या, इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्याच पद्धतीचे काम.

९/ पारख सुटली की काय होते? तिसऱ्या शतकाच्या आरंभी हिप्पोलिटस दानीएलाच्या ग्रंथावरील भाष्यात पोंटसच्या एका बिशपची हकिकत देतो. स्वप्नांच्या आधारे त्याने सांगितले, वर्षभरात न्यायाचा दिवस येणार. लोकांनी शेती सोडली, मालमत्ता विकली. वर्ष सरले. ज्यांनी सर्वस्व विकले होते, ते भीक मागताना दिसले. हे लिहिणारा हिप्पोलिटस चर्चचा शत्रू नव्हता. निष्ठावंत ख्रिस्ती होता.

१०/ म्हणून पहिल्या पक्षाला माझे सांगणे : जो संदेश प्रश्न सहन करत नाही, त्याला पौलाच्या मंडळीत जागा नव्हती. दुसऱ्या पक्षाला सांगणे : जी मंडळी संदेष्ट्याला प्रथमफळ देत होती, तिला संदेशाची वैरीण म्हणू नका. आणि ज्याला उद्या कोणी असा शब्द देईल, त्याने तो शांतपणे ऐकावा, चार जाणत्यांपुढे ठेवावा, सांगणाऱ्याचे वागणे पाहावे आणि निर्णय स्वतः घ्यावा. औषध तर मुळीच थांबवू नये.

मतभेद असल्यास साधनांसह जरूर लिहा. इति.