गंजाचा धनी कोण?

होटगी हे गाव बहुतेकांना आगगाडीच्या खिडकीतूनच माहीत असते. सोलापूर सोडले, की थोड्याच वेळात हे जंक्शन येते. एक वाट वाडीकडे जाते, दुसरी विजापूर-गदगकडे. आम्ही होटगीकर मात्र रुळांपेक्षा ट्रकच्या चाकांवर जास्त जगतो. सिमेंटचा कारखाना, जवळच फताटेवाडीचे १३२० मेगावॉटचे वीजकेंद्र, तिथली राख, शिवाय साखरेचा हंगाम. घरटी नाही, तरी गल्लीत एक ट्रक उभा असतोच.

आमच्या घरचाही एक आहे. २०२१ साली धाकट्या भावाने तो घेतला. दीड एकर जमीन गहाण पडली, आईच्या पाटल्या मोडल्या, उरलेले कर्ज. गाडी तो स्वतःच चालवतो. सोबतीला एक क्लीनर. गाडी दारात आली त्या दिवशी आईने केबिनच्या दाराला हळदकुंकू लावले. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच दाराच्या खालच्या कडेला रंगाचे फोड आले. भावाने नखाने खरवडले, तर खपली निघाली आणि आतून तांबडी भुकटी सांडली.

‘‘अण्णा, पत्रा आतून खाल्लाय बघ,’’ तो म्हणाला. पायाखालचे रबर उचलले, तर केबिनच्या तळालाही तेच.

गाडीची वॉरंटी अजून संपलेली नव्हती. म्हणून आम्ही निर्धास्त मनाने सर्व्हिस सेंटरला गेलो. टेबलामागच्या साहेबांनी वाकूनसुद्धा पाहिले नाही. ‘‘इंजिन, गिअरबॉक्सचं काही असेल तर बोला. गंज वॉरंटीत बसत नाही.’’ मग सहज विचारावे तसे विचारले, ‘‘मीठ वाहिलंय का कधी?’’ भाऊ सरळ माणूस. उरणकडून मिठाच्या दोन खेपा आणल्या होत्या, ते त्याने सांगून टाकले. ‘‘मग झालं तर!’’ साहेबांनी फाइल मिटली.

आता साहेबांचे म्हणणे अगदीच खोटे होते असे नाही. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो, आणि मिठाची ओल त्याला घाई करायला लावते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. फोड फुटला की पुन्हा नवे लोखंड उघडे पडते. ओली राख पत्र्याला चिकटून राहिली, तर ती ओल धरून ठेवते. गाडी न धुता तशीच उभी करण्याची आमची सवयही काही चांगली नाही. आमच्या वाटणीचा दोष मी झाकत नाही.

पण मीठ होते हौद्यात, पोत्यांत, ताडपत्रीखाली. दार सडले ते आतून! गावातल्या पत्र्याच्या मिस्त्रीने दाराचे आतले कव्हर काढून दाखवले. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतेच. ते खाली निघून जावे म्हणून तळाला भोके ठेवलेली असतात. आमच्या दाराची भोके जोडावर भरायच्या मसाल्यानेच बुजली होती, आणि पत्र्याच्या दुमडीत रंग पोचलाच नव्हता. जिथे कोणाचा हात पोचत नाही, तिथे मालकाने फडके तरी कसे मारायचे? हा वापरातला दोष कसा म्हणायचा?

हौद्याची तर आणखी मजा. आपल्याकडे पुष्कळदा चासी कंपनीची आणि हौदा बांधणारा स्थानिक कारागीर. आमचेही तसेच. चासी आणि हौद्याच्या जोडात गंज दिसला, तेव्हा बॉडीवाला म्हणाला, चासीला विचारा; कंपनी म्हणाली, बॉडीवाल्याला विचारा. नफ्याला दोघे धनी असतात, गंज मात्र बेवारस!

जगात सगळीकडे असेच चालते का? अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा या हलक्या ट्रकच्या सांगाड्यांना फार गंज धरू लागला. तिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. म्हणजे मिठाचे निमित्त तिथेही होतेच. तरीही २००८ साली कंपनीने १९९५ ते २००० या काळातल्या गाड्यांना गंजाबाबत पंधरा वर्षांची हमी दिली, आणि फारच सडलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट किमतीला परत घेतल्या. रस्त्यावर मीठ असणार हे ठाऊक असूनच गाडी विकली जाते, हे तिथे मान्य झाले. मग आपल्याकडे ट्रक कोकणात जाणार, राख वाहणार, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते काय?

कायदा आपल्याकडेही आहे. ‘ट्रक म्हणजे धंदा, आणि धंदेवाला ग्राहक नसतो,’ असे सांगून पुष्कळांना परत पाठवले जाते. ते अर्धसत्य आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात ट्रकचेच उदाहरण दिले : स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा ग्राहक ठरतो, आणि मदतीला एक-दोन माणसे ठेवली म्हणून त्याचा हक्क जात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. म्हणजे होटगीच्या माणसाने सोलापूरला जावे, पुण्या-मुंबईला नव्हे. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

हे सगळे मी वाचून काढले, फोटो जोडले, मिस्त्रीचे म्हणणे लिहून घेतले आणि कंपनीला रजिस्टर पत्र धाडले. महिन्याभराने बोलावणे आले. ‘‘नियमात बसत नाही, पण तुमच्यासाठी म्हणून दार बदलून देतो.’’ केबिनच्या तळाचे नाव नाही, हौद्याच्या जोडाचे नाव नाही. सोबत एक छापील कागद : ‘माझे पूर्ण समाधान झाले असून कोणतीही तक्रार उरलेली नाही.’

मी भावाला म्हटले, सही करू नकोस, आपण आयोगाकडे जाऊ. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘अण्णा, तुझं बरोबर आहे. पण गाडी पुरावा म्हणून उभी राहिली, तर हप्ता कोण भरणार?’’ आणि त्याने सही केली.

कायद्यात निकालासाठी तीन महिने, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिने सांगितले आहेत. ते पाच महिने खरोखर पाचच राहतील असा भरवसा भावाला असता, तर त्याने सही केली नसती. छोट्या गाडीमालकाचे हरणे इथे ठरते. त्याच्याजवळ हक्क असतो. नसतो तो वेळ. हे समोरच्याला पक्के ठाऊक असते, म्हणूनच हक्काची वस्तू मेहेरबानी म्हणून हातावर ठेवली जाते.

माझे मागणे फार नाही. वॉरंटीचे पुस्तक मराठीत असावे, आणि गंजाचे काय ते पहिल्या पानावर, पैसे मोजण्यापूर्वी सांगावे. आतून आलेला गंज हा बनावटीचा दोष धरावा. तो वापराने आला असे म्हणायचे असेल, तर ते कंपनीने सिद्ध करावे. गाडीमालकांनीही पहिला फोड दिसताच तक्रार जॉबकार्डवर लिहवून घ्यावी, तोंडी आश्वासनावर परत फिरू नये.

नवे दार आता बसले आहे. आईने त्यालाही हळदकुंकू लावले. रबराखालचा तळ मात्र तसाच आहे. कर्जाचे हप्ते अजून फिटायचे आहेत, आणि त्या दोघांत आधी कोण संपतो, याचा हिशेब भाऊ रोज गाडी चालू करताना मनातल्या मनात करतो.