आघातचिकित्सकाचे शिक्षण

पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, डॉ. रिव्हर्स हे स्कॉटलंडमधील क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात रुजू झाले. तेथे येणाऱ्या मनोरुग्ण सेनाधिकाऱ्यांपैकी कित्येकांना पूर्वी एकच उपदेश झालेला असे : घडले ते मनातून काढून टाका. दिवसा दडपलेली आठवण रात्री स्वप्नात उसळून येते, हे पाहून रिव्हर्स यांनी उलट मार्ग धरला. त्यांनी रुग्णांना त्या आठवणीविषयी बोलते केले.

आजच्या आघातचिकित्सेचे मर्म याहून फारसे निराळे नाही. पद्धत मात्र पुष्कळच काटेकोर झाली आहे. अमेरिकेतील एड्ना फोआ यांच्या पद्धतीत रुग्ण तो भीषण प्रसंग, जणू आताच घडत आहे अशा रीतीने, पुनःपुन्हा कथन करतो. पॅट्रिशिया रेझिक यांच्या सुमारे १२ बैठकांच्या पद्धतीत ‘सोबती माझ्यामुळेच मेला’ यासारख्या समजुती पुराव्याच्या कसोटीला लावल्या जातात. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २००६-०७ पासून या दोन्ही पद्धती आपल्या चिकित्सकांना देशभर शिकविण्यास आरंभ केला. सेनेतील मानसचिकित्सकांसाठीही २००६ मध्ये स्वतंत्र केंद्र निघाले.

या शिक्षणाचे दोन भाग असतात : काही दिवसांचा वर्ग, आणि त्यानंतर, प्रत्यक्ष रुग्णावर उपचार चालू असता, कित्येक महिने मिळणारे अनुभवी तज्ज्ञाचे मार्गदर्शन. पहिला भाग सोपा, म्हणून लोकप्रिय. खरे शिक्षण दुसऱ्यातच आहे. कारण येथे अज्ञानापेक्षा भीती अधिक आड येते, आणि तीही चिकित्सकाची. कथन करताना जवानाला घाम फुटतो, तो रडू लागतो. दयाळू चिकित्सक तेथेच विषय बदलतो. आठवण टाळीत राहिल्यानेच ज्याचा रोग टिकून आहे, त्याला ती टाळण्यास वैद्यच साहाय्य करतो! ही चूक व्याख्यानाने सुटत नाही. बैठकीचे ध्वनिमुद्रण एखाद्या जाणत्याने ऐकले म्हणजे ती सापडते.

बंदूक चालविणे दोन व्याख्यानांत शिकविता येते असे कोणतीही सेना मानीत नाही. मग येथेच घाई का? फोआ यांच्या पद्धतीतील एक बैठक सुमारे ९० मिनिटांची. ती आठवड्यातून एकदोनदा, दोनतीन महिने व्हावयास हवी. तेवढ्यात जवानाची बदली होते, नाही तर चिकित्सकाची. शिक्षणावर पैसा खर्च करणाऱ्या सेनेने चिकित्सकाच्या रोजच्या कामातून हे तास आधी मोकळे करून द्यावेत, आणि उपचार पुरा होईतो दोघांनाही जागेवरून हलवू नये. प्रत्यक्ष युद्धाची निकड असल्यास गोष्ट वेगळी.