मागच्या चाकातली हवा

मुलांनो, गड्डा पाहिलात ना? संक्रांतीला सिद्धेश्वर महाराजांची यात्रा भरते आणि आपलं होम मैदान पाळण्यांनी, खेळण्यांच्या दुकानांनी गजबजून जातं. तिथला 'मौत का कुआँ' पाहून आलेला वर्ग दुसऱ्या दिवशी पाढे म्हणायला बसतच नाही. सगळ्यांच्या तोंडून नुसतं "घुर्रर्र"!

एका वर्षीची गोष्ट सांगतो. माझ्या वर्गात चौथीत एक मुलगा होता. (नाव सांगणार नाही, त्याला तसं कबूल केलंय.) गल्लीतल्या मोठ्या पोरांनी त्याला सांगितलं, "स्टंटवाले मागच्या चाकात हवा कमी ठेवतात बे, म्हणून गाडी एका चाकावर उभी राहती." पठ्ठ्याने रात्री वडिलांच्या मोटारसायकलच्या मागच्या चाकातली हवा सोडली! बाबांची गाडीपण तशी भारी व्हावी, एवढाच त्याचा हेतू. पहाटे वडील आईला मागे बसवून टॉवेलच्या कारखान्यात निघाले. वळणावर गाडी डुलली आणि घसरली. वेग कमी होता, म्हणून आईच्या कोपरावर निभावलं. "खिळा लागला असंल," वडील म्हणाले. मुलगा गप्प राहिला.

तीन दिवसांनी मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे आला. "सर, मोठी पोरं खोटं बोलली का?"

खोटं नाही, पण अर्धंच बोलली. उरलेलं अर्धं आम्ही फळ्यावर मांडलं.

हवा ३० पौंड, म्हणजे टायरमधली हवा प्रत्येक चौरस इंचावर ३० पौंड जोर लावते. मागच्या चाकावर ११० किलो भार आहे असं धरा. एक किलो म्हणजे सुमारे २.२ पौंड, तेव्हा झाले साधारण २४० पौंड. आता २४० भागिले ३०? आठ! म्हणजे टायर सुमारे ८ चौरस इंच जमिनीला टेकतो. हवा १५ पौंड केली तर? सोळा! (थोडा भार टायरचं रबरही पेलतं, म्हणून उत्तर अगदी तंतोतंत येत नाही.)

पुढचं चाक उचललं की गाडीचा आणि माणसाचा सगळा भार एकट्या मागच्या चाकावर येतो. अशा वेळी टायर जमिनीला जास्त टेकला, तर पकड वाढते आणि गाडी डावी-उजवीकडे पटकन कलंडत नाही. म्हणून स्टंट करणारा हवा कमी ठेवतो. पण किती कमी? फार उतरवली तर टायर रबरी फुग्यासारखा लडबडतो आणि खड्ड्यात लोखंडी रिंग ठेचते. म्हणून तो एकेक-दोनदोन पौंड कमी-जास्त करून आपल्या वजनाला आणि गाडीला जमणारा आकडा शोधतो. तेही बंद मैदानात, कमी वेगात, डोक्याला हेल्मेट घालून, आणि पाय मागच्या ब्रेकवर ठेवून. पुढचं चाक खाली आणतो तो तो ब्रेक!

रस्त्यावर मात्र उलटा हिशेब. मागे माणूस बसला की हवा वाढवायची असते. कमी असली तर टायरच्या बाजू सारख्या दबतात, टायर तापतो, वळणावर गाडी डुलते. ट्यूबचा टायर असेल तर तो रिंगवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्हच फाटू शकतो. हवा किती हवी, ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

तुम्हीही करून पाहा, पण सायकलवर, आणि घरच्या मोठ्या माणसाला सांगून. सायकल उभी धरून मागच्या टायरला रांगोळी लावा, खाली काळा कागद ठेवा आणि एकाला सीटवर बसवा. ठसा उमटेल. थोडी हवा सोडून पुन्हा ठसा घ्या. कोणता मोठा? आणि हवा परत भरायला विसरू नका!

गणित समजल्यावर मुलगा बराच वेळ फळ्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे खिळा नव्हताच." मी म्हटलं, "हे तू मला नको, बाबांना सांग."

त्याने सांगितलं. मार बसेल म्हणून घाबरला होता. वडील थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्याला घेऊन पंक्चरच्या दुकानात गेले आणि हवेचं मीटर त्याच्या हातात दिलं. तेव्हापासून दर रविवारी, गाडी थंड असताना, दोन्ही चाकांची हवा तोच तपासतो.

पालकांनो, मुलं स्टंट बघणारच. बघून आल्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न तेवढा टाळू नका. नाहीतर उत्तर गल्लीत मिळतं, आणि तेही अर्धंच.