मनगटावरचे स्वदेशी

दि. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते वर्धा–कळंब रेल्वेमार्गाचे लोकार्पण झाले आणि श्रीचिंतामणीच्या कळंबला रेल्वेचे वेळापत्रक लाभले. या प्रगतीचे स्वागतच आहे. परंतु त्या निमित्ताने एक प्रश्न विचारावासा वाटतो. कळंबसारख्या तालुक्याच्या गावी शिक्षक, तलाठी, एस.टी.चे वाहक आणि कापसाचे व्यापारी अशा दोन पिढ्यांना ज्याने वेळ दाखविली, ते चावीचे एच.एम.टी. घड्याळ आज कोठे आहे? बहुतेक घरांत ते जुन्या पासबुकांशेजारी, कपाटातल्या डब्यात बंद पडलेले सापडेल. नाहीतर भंगारात गेलेले असेल. आमच्या स्वाभिमानाला लागलेला हा गंज आहे, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

साठ घटिकांचा अहोरात्र मोजणाऱ्या आणि विवाहमुहूर्तासाठी घटिकापात्र मांडणाऱ्या या समाजाला स्वातंत्र्यानंतरही मनगटी घड्याळासाठी परदेशाकडे पाहावे लागत होते. ही लाचारी १९६१ साली संपू लागली. जपानच्या सिटिझन कंपनीकडून तंत्र घेऊन एच.एम.टी.ने बंगळूर येथे घड्याळे घडविण्यास आरंभ केला. 'जनता', 'पायलट', 'कोहिनूर' ही नावे घरोघरी पोहोचली. देवनागरी अंकांच्या तबकड्या निघाल्या, अंधांसाठी ब्रेल घड्याळेही निघाली. सतरा खड्यांचे, सेलवाचून चालणारे 'जनता'चे यंत्र सेकंदाला पाच ठोके देते, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार! दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलाला, बोहल्यावर चढणाऱ्या जावयाला, सेवानिवृत्त होणाऱ्या गुरुजींना हेच घड्याळ दिले जाई.

या स्वदेशी उद्योगाची किंमत रक्तानेही मोजली गेली आहे. एप्रिल १९९० मध्ये एच.एम.टी.च्या श्रीनगर येथील कारखान्याचे महाव्यवस्थापक एच. एल. खेरा यांचे दहशतवाद्यांनी अपहरण केले आणि त्यांची हत्या केली. कपाटातल्या घड्याळाकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

एच.एम.टी. बुडाली ती परकीयांमुळे, असे म्हणून हात झटकणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९८४ मध्ये टाटा समूह आणि तामिळनाडू शासनाचे औद्योगिक महामंडळ यांनी मिळून टायटन उभी केली आणि क्वार्ट्झ घड्याळांचा बाजार काबीज केला. तीही भारतीयच कंपनी. ग्राहकाची आवड पालटते आहे, हे सरकारी मालकीच्या सुस्त कारभाराला वेळीच उमगले नाही. तोटा साचत गेला आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी. वॉचेस बंद करण्यास मान्यता दिली. कारखाना बुडाला हे दुर्दैव खरे. पण त्याबरोबर आम्ही आमची आस्थाही बुडविली, हा अपराध कोणाचा?

स्वित्झर्लंडकडे पाहा. डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेइकोने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि पुढील दीड दशकात स्विस घड्याळउद्योगातील सुमारे ९० हजार नोकऱ्यांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा उरला. तरीही त्या देशाने आपली कला मोडीत काढली नाही. आज त्यांच्या घड्याळनिर्यातीच्या मूल्यात सिंहाचा वाटा चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळांचाच आहे. ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यापारकरारामुळे स्विस घड्याळांवरील आपले आयातशुल्क टप्प्याटप्प्याने घटत जाणार आहे. लाखो रुपयांचे स्विस घड्याळ मिरविणारा आमचा सुशिक्षित त्यात 'वारसा' विकत घेतो, वडिलांचे एच.एम.टी. मात्र त्याला 'जुनाट' वाटते!

दुसरा रोग आमच्याच बाजारात उपजला आहे. जुन्या घड्याळांच्या मूळ तबकड्या पुसून त्यांवर भडक रंग चढवायचा, वाटेल ती अक्षरे छापायची, तीन घड्याळांचे भाग एकात कोंबायचे आणि तो माल अस्सल म्हणून विकायचा. जगभरच्या संग्राहकांत अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असे कुत्सित नाव पडले आहे. महाराष्ट्राच्या राजधानीचे नाव बनावटीला चिकटावे, याची लाज आम्हांस वाटावयास हवी. दुरुस्ती हा सन्मानाचा धंदा आहे. ग्राहकाच्या डोळ्यांत धूळफेक करणे हा नव्हे.

कोणी म्हणेल, मोबाईल अचूक वेळ दाखवीत असता दिवसाला काही सेकंद चुकणारे यंत्र कशाला? तर ऐका. मोबाईल चार-पाच वर्षांत कचऱ्यात जातो. पन्नास वर्षांपूर्वीचे 'जनता' घड्याळजी डोळ्याला भिंग लावून उघडतो, साफ करतो, तेल देतो आणि ते पुन्हा चालू लागते. वस्तू टाकून न देता सांभाळण्याची आपली गृहसंस्कृती याहून वेगळे काय सांगते? पण भिंग लावून बसणारे ते हात आता थोडे उरले आहेत. काम मिळाले नाही तर तेही उठून जातील आणि मग कितीही पैसा ओतला तरी हे घड्याळ पुन्हा चालणार नाही.

म्हणून आमचे आवाहन साधे आहे. या आठवड्यात ते घड्याळ कपाटातून बाहेर काढा. आपल्याच गावच्या घड्याळजीकडून ते साफ करून घ्या आणि त्याच्या श्रमाचे मोल घासाघीस न करता द्या. तबकडी पिवळी पडली असली तरी रंगवू देऊ नका. तो पिवळेपणा तुमच्या वडिलांच्या उन्हातान्हाचा आहे. नव्याची हौस असेल तर जयपूर वॉच कंपनी आणि बेंगलोर वॉच कंपनीसारखे भारतीय उद्योग पाहा. बेंगलोरच्या घड्याळांत आज धडधडते ते यंत्र स्विस आहे, हेही विसरू नका. तुमच्या मागणीच्या बळावरच उद्या ते यंत्र येथे घडेल. आणि मुलगा वा मुलगी पदवीधर झाली की आजोबांचे घड्याळ तिच्या वा त्याच्या हाती बांधा, रोज सकाळी चावी द्यावयास शिकवा. स्वदेशीचे व्रत इतक्या लहान कृतीनेही चालविता येते.